उलटा फिरवलेला पंखा

सोमवार, १० फेब्रुवारी

चि. कॅप्टन यास,

काल, रविवार, ९ फेब्रुवारी रोजी, सकाळी अकरा वाजून बारा मिनिटांनी, दोनशे माणसांसमोर हातात माइक धरून तू मला माफ केलंस.

वेळ अचूक आहे. हँगरच्या भिंतीवरचं घड्याळ मीच लावते. शाळेत सिस्टर सांगायच्या, तक्रार लिहायची तर आधी तारीख, मग वेळ, मग घडलं ते, आणि विशेषणं सगळ्यात शेवटी, तीही हात आवरत नसेल तरच. माझा हात आवरत नाहीये, तरी मी क्रम पाळते आहे. 'अनेक उत्तम आशीर्वाद' हे शब्द मात्र मुद्दाम गाळले आहेत. नजरचूक समजू नकोस.

तुझं भाषण घरी आल्याबरोबर उतरवून ठेवलं. "मंडळी, इंजिन रुसलं. आमच्या ताईंनी फार हौसेनं जुळवलं होतं. पण आता वय झालं, हात थरथरतात, कुठेतरी काहीतरी राहून जातं. आपण सगळे त्यांना मोठ्या मनानं माफ करू या." मग तू टाळ्या वाजवल्यास. मग सगळ्यांनी वाजवल्या. शेजारच्या खुर्चीवरची बाई माझ्या गुडघ्यावर थोपटत म्हणाली, "होतं हो असं. माझ्या आईचंही हल्ली असंच होतं." मी एकाहत्तर वर्षांची आहे. ती बाई साठीची तरी असेल. तिच्या आईशी माझी गाठ घालून दे, बघू कोणाचा हात जास्त थरथरतो.

पुढचं तुला पाठ आहे, तरी लिहिते, कारण हे पत्र उद्या दुसऱ्या कुणी वाचलं तर त्यालाही कळायला हवं. बाबा विमानतळावर मुख्य मेकॅनिक होते. ज्या शिकाऊ विमानावर तू उडायला शिकलास, त्याचं हे इंजिन. सात सिलिंडर, चाकाच्या आऱ्यांसारखे गोल मांडलेले, पाण्याचा थेंब नाही, सगळं थंड होणं समोरून येणाऱ्या हवेवर. विमान भंगारात गेलं तेव्हा बाबांनी इंजिन मागून घेतलं आणि पुढं आपल्या दोघांच्या नावानं ठेवलं. तू वैमानिक झालास. मी एकतीस वर्षं इंजिन दुरुस्तीच्या कारखान्यात काढली, त्यातली शेवटची अकरा तपासनीस म्हणून. माझी सही झाल्याशिवाय एक इंजिन दाराबाहेर गेलं नाही, आणि गेलेलं एकही माझ्या चुकीपायी परत आलं नाही.

बाबांचं इंजिन सुटं करून, धुऊन, मोजून, पुन्हा उभं करायला मला चार वर्षं लागली. जागा तू अध्यक्ष असलेल्या जुन्या विमानांच्या संस्थेची, हात माझे. या चार वर्षांत अध्यक्षमहाशय सहा वेळा हँगरमध्ये आले. पाच वेळा फोटोसाठी, आणि सहाव्यांदा बाहेर पाऊस होता म्हणून.

काल समारंभात ते पहिल्यांदा सुरू करून दाखवायचं होतं. सकाळी नऊला मी कामाच्या कपड्यांत इंजिनाच्या पंख्याजवळ, म्हणजे प्रोपेलरजवळ, उभी होते. तू आलास, पांढरा शुभ्र, खांद्यावर पट्ट्या.

"ताई, हे काय? हात बघ तुझे. पाहुणे यायच्या आत कपडे बदल आणि खुर्चीवर जाऊन बस."

"अरे, रडक्या राहिल्यात."

"रडक्यांचं मी बघतो. मी काय आज आलोय?"

रडक्या म्हणजे तळाचे दोन सिलिंडर, चार आणि पाच नंबर. इंजिन नुसतं उभं राहिलं की वरचं तेल झिरपत झिरपत त्या दोघांत साचतं. बाबा म्हणायचे, घर सगळ्यांचं, रडणं या दोघींचं. म्हणून इंजिन सुरू करायच्या आधी 'रडक्यांचे डोळे पुसायचे': खालचे प्लग काढून तेल गाळायचं आणि मग पंखा हातानं फिरवून बघायचा. शनिवारी संध्याकाळी मी ते केलं होतं. पण सकाळपर्यंत त्या पुन्हा भरतात. साडेदहाला खुर्चीकडे जाता जाता मी विचारलं, "पुसलेस का डोळे?" तू पाहुण्यांकडे बघून हसत, ओठ न हलवता म्हणालास, "हो गं हो. बस आता."

अकरा आठला इंजिनानं तीन ठसके दिले. मग आतून एक आवाज आला, वाळकी काठी गुडघ्यावर मोडावी तसा, आणि पंखा जागच्या जागी थांबला. त्यापुढच्या चार मिनिटांत तू गुन्हेगार शोधलास, खटला चालवलास आणि माफीही देऊन टाकलीस. कोर्टांनी तुझ्याकडे शिकवणीला यावं.

मी तिसऱ्या रांगेत, खांबाशेजारी होते. तिथून पंखा धड दिसत नव्हता. म्हणून तुलाच विचारते: स्टार्टर दाबायच्या आधी तू काय केलंस आणि काय केलं नाहीस? लेखी कळव. आठ दिवस देते.

तुझी थोरली बहीण


शनिवार, १५ फेब्रुवारी
(प्रत: संस्थेचे सेक्रेटरी)

कॅप्टन,

उत्तराऐवजी फुलं आली. सोबत छापील कार्ड, 'लवकर बरं वाटो.' मी ती जिन्याखालच्या बादलीत ठेवली आहेत. वॉचमननं विचारलं, "बाई, कुणाची तब्येत बिघडली?" म्हटलं, "भावाची."

चार वेळा फोनही आला. मी उचलला नाही, उचलणार नाही. तू फोनवर फार गोड बोलतोस. तीस वर्षं तू प्रवाशांना त्याच आवाजात सांगत आलास की काळजीचं कारण नाही, आणि मागच्या रांगेतली माणसं पिशव्यांत ओकत होती. मला तुझा आवाज नको. अक्षर हवं.

अक्षर मिळालं, पण दुसरीकडून. सेक्रेटरींनी इंजिनाच्या लॉगबुकातल्या शेवटच्या पानाची झेरॉक्स पाठवली. भला माणूस आहे. तुला घाबरतो, पण मला जास्त घाबरतो. त्यात तुझी नोंद अशी:

'९ फेब्रुवारी. सुरू करण्यापूर्वीची सर्व कामे नियमानुसार केली. पंखा हाताने नऊ पाती फिरवला, मोकळा होता. सुरू होताच इंजिन बंद पडले. कारण: जुळणीतील दोष. जुळणी करणार:' आणि पुढं माझं पूर्ण नाव, आडनावासकट. जन्मात कधी माझं नाव इतकं सुवाच्य लिहिलं नव्हतंस.

सेक्रेटरी म्हणाले की ८ मार्चच्या सर्वसाधारण सभेनंतर इंजिन आहे तसंच दिवाणखान्याच्या, म्हणजे तुमच्या त्या प्रदर्शनाच्या हॉलच्या दारावर टांगायचं ठरलंय. खाली पाटी. पाटीचा मजकूर लॉगबुकातूनच घेणार. 'जुळणीतील दोषामुळे निकामी.' शाळेच्या सहली येतील. मुलं विचारतील, सर, जुळणी म्हणजे काय? आणि सर सांगतील, ते या बाईंना जमलं नाही ते.

इंजिन दोघांच्या नावावर आहे, माझ्या सहीशिवाय ते दारावर चढत नाही, हे तुझ्या ध्यानात असेल. पण सही अडवून ती ओळ पुसली जात नाही. ओळ वहीत राहते. बाबांनी त्या वहीचं पहिलं पान लिहिलं तेव्हा मी पाटीवर अक्षरं गिरवत होते. दर वेळी उडण्याआधी वैमानिकानं ती वाचायची आणि वाचलेल्यावर विश्वास ठेवून आत बसायचं. तूही तेच करायचास. बाबा कधी म्हणायचे नाहीत की इंजिन चांगलं आहे. म्हणायचे, वही बघ.

तेव्हा माझी मागणी एकच, आणि ती नीट वाच. ती ओळ तू आपल्या हातानं खोडायची, शेजारी सही करायची, आणि खरं कारण लिहायचं. दिलगिरी नको, फुलं नको, सत्कार तर नकोच. तुझी शाल मी खुर्चीच्या मोडक्या पायाखाली घालीन.

हात थरथरतात म्हणालास ना? सेक्रेटरींना मी परवा घरी बोलावलं आणि त्यांच्यासमोर केसाएवढी फट हातानं मोजून दाखवली. त्यांनी तीनदा मोजायला लावली. तिन्ही वेळा तोच आकडा. निघताना म्हणाले, "बाई, माझाच हात थरथरायला लागला."

ताई


शनिवार, २२ फेब्रुवारी
(प्रत: सेक्रेटरी. दुसरी प्रत: कार्यकारिणीचे सगळे सभासद)

कॅप्टन,

तुझी बायको येऊन गेली. तू पाठवलीस की ती आपणहून आली हे मी विचारलं नाही. खुर्चीच्या अगदी कडेला बसली, पर्स मांडीवर, कधी उठते असं झालेलं.

"वन्सं, सोडून द्या ना आता. यांचं बीपी वाढलंय."

"माझं नाव वहीत चढलंय. गोळी कुठली घेऊ?"

"पण घरातलं भांडण बाहेर कशाला?"

"घरातलं होतं तर त्यानं माइक कशाला घेतला?"

तिला हसू आलं, मग वाईट वाटलं, मग तिनं रुमाल काढला. गुणी आहे ती. तुझ्या वाट्याला जरा जास्तच गुणी आली. आणि डोळे पुसता पुसता म्हणाली, "अहो, ते किती वेळा सांगतायत मला. सातव्या का आठव्या पात्याला पंखा अडकला. लोक बघत होते. म्हणून यांनी जरासा मागे घेतला, तर सुटला. मग म्हणाले, झालं मोकळं. एवढंच तर केलं त्यांनी. त्यात काय एवढं?"

मी तिला पाणी दिलं. तिचा ग्लास मी पुन्हा भरला. मी तिला दारापर्यंत पोचवायला गेले, हे तिनं तुला आश्चर्यानं सांगितलं असेल. बिचारीला ठाऊक नाही ती माझ्या टेबलावर काय ठेवून गेली.

आता सभासदांसाठी. पंखा अडकला याचा अर्थ रडकी भरलेली होती. तेल दाबलं जात नाही, हवेसारखं आकसत नाही. दट्ट्या वर येतो आणि तेलाच्या भिंतीला टेकतो. अशा वेळी थांबायचं, प्लग काढायचा, तेल गाळायचं. पाच मिनिटांचं काम. हात घाण होतात, एवढंच. दुसरा मार्ग म्हणजे पंखा उलटा फिरवायचा. हात स्वच्छ राहतात, पंखा झटकन सुटतो, बघणारे खूश. पण तेल गेलेलं नसतं. ते सिलिंडरमधून मागं, हवा आत येते त्या नळीत जाऊन बसतं. इंजिन सुरू झालं की तीच नळी ते तेल पुन्हा आत ओढते, आणि या वेळी दट्ट्या हाताच्या जोरानं नाही, इंजिनाच्या जोरानं येऊन आपटतो. मग दट्ट्याचा रॉड वाकतो. गोल इंजिनावर काम केलेल्या कुठल्याही माणसाला झोपेतून उठवून विचारा, उलटा फिरवू का? तो डोळे न उघडता तुमच्या हातावर मारेल.

बायकोची साक्ष धरू नये म्हणशील. धरत नाही. समारंभाच्या फोटोग्राफरकडे मी स्वतः गेले. दुकान लहान, माणूस मोठ्या मनाचा. त्यानं एकामागोमाग एक काढलेले तीन फोटो मोठे करून दिले. एका पात्याच्या टोकाला मी बाबांसारखाच लाल रंग दिला होता, आठवतं? पहिल्या फोटोत लाल टोक तुझ्या कमरेशी. दुसऱ्यात छातीशी. तिसऱ्यात खांद्याच्या वर. आणि तिन्हींत तुझा तळवा पात्याच्या खालून. त्या बाजूला पातं वरून खाली ओढायचं असतं, कॅप्टन. तू ते खालून वर ढकलतो आहेस. आणि कॅमेऱ्याकडे बघून हसतो आहेस. फोटो छान आलाय. पांढरा तुला शोभतो.

एक गोष्ट सभासदांना ठाऊक नाही, ती त्यांना कळू दे. हे तू पहिल्यांदा केलेलं नाहीस. तू एकोणीस वर्षांचा होतास, उडायला शिकत होतास. मी चोवीसची, नुकती बाबांच्या हाताखाली बाकावर कामाला लागलेली. याच इंजिनाचा पंखा अडकला आणि तू उलटा फिरवलास, कारण तुला उशीर होत होता. बाबांनी नशिबानं स्टार्टर मारायच्या आधी लाल टोक चुकीच्या जागी बघितलं. "कोणी केलं?" तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हणाले, "मी." तुझं लायसन्स गेलं असतं. माझं काय जाणार होतं? महिनाभर बाबांनी मला इंजिनाला हात लावू दिला नाही, आणि त्या महिन्यात फिटरची परीक्षा होती. वर्ष गेलं. मी कुणाला बोलले नाही. बाबा गेले, तरी नाही.

तेव्हा तुझा दोष मी आपण होऊन घेतला होता. या वेळी तू न विचारता माझ्या गळ्यात घातलास आणि वर माफ केलंस. या दोन्हींत फरक आहे, तो तुला कळेपर्यंत मी लिहीत राहणार.

बुधवारी, २६ तारखेला, सकाळी दहा वाजता मी इंजिन उघडणार आहे. अर्ध्या मालकाला कायद्यानं कळवते आहे. यायचं तर जुने कपडे घालून ये.

ताई


बुधवार, २६ फेब्रुवारी

तू आला नाहीस. तुझ्यासाठी स्टूल ठेवलं होतं. त्यावर पाने ठेवले.

हजर: मी, सेक्रेटरी, आणि माझ्या कारखान्यातले जुने फिटर, ज्यांना आम्ही सगळे मास्तर म्हणायचो. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांचे हात खरोखर थरथरतात, पण पाना हातात आला की थांबतात. हे बघायला तरी तू यायला हवा होतास.

सुरुवात खालच्या प्लगांपासून. शनिवारी, ८ तारखेला संध्याकाळी डोळे पुसून झाल्यावर मी प्लग घट्ट केले आणि प्लग आणि सिलिंडर दोन्हींवरून मिळून पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढली. कारखान्यातली सवय. प्लग नंतर जराही फिरवला तर रेघ तुटते. मास्तरांनी बॅटरी धरली. चार नंबर, रेघ अखंड. पाच नंबर, रेघ अखंड.

"म्हणजे रविवारी कुणी प्लगांना हातच लावला नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"हात लावला असता तर पांढरे कपडे पिवळे झाले असते," मास्तर म्हणाले.

मग सिलिंडर उतरवले. पाच नंबरचा रॉड काढून सपाट लोखंडी पाटावर ठेवला. पाटावर रॉड अंगभर टेकायला हवा. मधोमध खालून उजेड दिसला. बोटाचं नख आत जाईल एवढा. बाकी सहा रॉड एकेक करून ठेवले. सरळ. एकेक नट मी लावला तसाच, तेवढ्याच ताणाचा. मास्तर प्रत्येक नट सोडायच्या आधी पान्याचा आकडा मोठ्यानं वाचत होते आणि सेक्रेटरी माझ्या चार वर्षांच्या वहीशी ताडून बघत होते. सगळे आकडे जुळले. शेवटी सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे अध्यक्षांनीच इंजिन मोडलं?"

"मोडलं तेलानं," मास्तर म्हणाले. "अध्यक्षांनी तेलाला दार उघडून दिलं."

तिघांच्या सह्यांचा कागद तयार आहे. मी जिंकले, कॅप्टन. हे वाक्य लिहिताना मला जेवढा आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला, त्यात काही कमी नव्हतं. वाकडा रॉड मी टेबलावर ठेवलाय. चहा पिताना त्याच्याकडे बघते.

हँगर बंद करताना मास्तर कुलपाशी थांबले. म्हणाले, "बाई, एक विचारू? तुम्ही समोरच बसला होता की. तिसरी रांग म्हणजे पंधरा पावलं. लाल टोक उलटं चाललेलं तुम्हाला दिसलं नाही?"

"खांब होता मध्ये," मी म्हणाले.

त्यांनी हँगरकडे बघितलं. मग कुलूप लावलं. मास्तर एकतीस वर्षं माझ्या शेजारच्या बाकावर होते.

ताई


शुक्रवार, २८ फेब्रुवारी

धाकट्या,

परवाच्या पत्राची प्रत मी कुणाला पाठवली नव्हती, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तू बारकाईनं वाचतोस, उत्तर देत नसलास तरी. त्या पत्रावरून तुला आता एक हत्यार सापडलं असेल. ८ तारखेला सभेत उभा राहून तू विचारशील, ताई, तू तपासनीस होतीस, पंधरा पावलांवर होतीस, मग ओरडली का नाहीस? तुला हे सुचायच्या आत मीच विचारते. तुझ्यासाठी काही शिल्लक ठेवायचं नाही असं मी ठरवलंय.

खांब होता. तो माझ्या डाव्या हाताला होता. पंखा समोर होता.

अकरा वाजता तू माइकवर माझी ओळख करून दिलीस. "आमच्या ताईंनीही थोडा हातभार लावला." थोडा. चार वर्षं, धाकट्या. सात सिलिंडर, चौदा झडपा, हिवाळ्यात हातांना भेगा पडायच्या त्यात रॉकेल झोंबायचं. थोडा हातभार. लोक माझ्याकडे वळून बघायच्या आतच तू पुढच्या पाहुण्याचं नाव घेतलंस.

अकरा सहाला तू पंखा फिरवायला लागलास. मी पाती मोजत होते, सवयीनं. सातव्याला तुझे खांदे थांबले. मला कळलं. दोनशे माणसांत ते मला एकटीला कळलं. तू आजूबाजूला बघितलंस, एकोणिसाव्या वर्षी बघितलं होतंस तसं, आणि तळवा पात्याखाली घातलास. लाल टोक वर गेलं.

तिथून स्टार्टरपर्यंत मला दीड मिनिट मिळालं. तू शिडी चढलास, टोपी नीट केलीस, हात हलवलास. 'थांब' म्हणायला अर्धा क्षण लागतो. माझा आवाज कारखान्याच्या गोंगाटात ऐकू यायचा, हँगरमध्ये आला नसता असं नाही. मी तोंड उघडलं होतं. मग मिटलं.

मी स्वतःला सांगितलं, फार तर ठसके देईल, तोंडावर तेल उडेल, पांढऱ्या कपड्यांचा सत्यानाश होईल. तेवढं होऊ दे. हे खोटं होतं. मला रॉडचं माहीत होतं. तुझ्याहून कितीतरी जास्त माहीत होतं. मला तुला चारचौघांत तोंडघशी पाडायचं होतं आणि त्यासाठी मी बाबांचं इंजिन मोडू दिलं. माझ्याच हातानं जुळवलेलं. तू केलंस ते घाबरून. मी केलं ते विचार करून.

तो आवाज झाला तेव्हा शेजारची बाई दचकली. मी दचकले नाही. मी त्याची वाटच बघत होते.

तर आता ऐक. काल मी संस्थेत गेले आणि सेक्रेटरींच्या टेबलाशी बसून लॉगबुकात तुझ्या नोंदीखाली माझी नोंद केली. शाईत, माझ्या पूर्ण नावानिशी:

'९ फेब्रुवारी. सकाळी अकरा वाजून सहा मिनिटांनी पंखा अडकला असता उलटा फिरवला गेला, हे मी तिसऱ्या रांगेतून पाहिले. त्याचा परिणाम काय होईल हे मला ठाऊक होते. मी थांबवले नाही. जुळणीत दोष नव्हता. तपासणीत दोष होता, आणि तो माझा.'

सेक्रेटरींनी नोंद दोनदा वाचली. मग म्हणाले, "बाई, हे लिहायची काही गरज नव्हती. तुम्ही तर सुटला होता."

मी म्हणाले, "म्हणूनच."

मास्तरांना फोन करून खांबाचं सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं. मी परवापासून तो खांब हलवायचा प्रयत्न करतोय." आणि खूप वेळ हसले. मला हसू आलं नाही.

हे मन मोठं झाल्याचं लक्षण समजू नकोस. मी माफी मागत नाही आणि तुला देतही नाही. माफी हा तुझा प्रांत. मी एवढंच केलं की माझ्याविरुद्ध तुझ्याकडे जे काही होतं ते मीच वापरून टाकलं. आता त्या पानावर खोटं बोलणारा माणूस एकच उरला आहे, आणि त्याच्या खांद्यावर पट्ट्या आहेत. माझ्या सहीखाली मी सहा ओळी मोकळ्या सोडल्या आहेत. तुझं अक्षर ऐसपैस असतं, पण खरं कारण लिहायला सहा ओळी पुरतात. मला चार लागल्या.

मुदत: शुक्रवार, ७ मार्च, संध्याकाळी पाच. तोपर्यंत संस्थेत जाऊन स्वतःची ओळ खोड, खाली नोंद कर, आणि ती केल्याचं मला स्वतःच्या हस्ताक्षरात कळव. टाइप केलेलं चालणार नाही. बायकोच्या हातचं चालणार नाही. फोन, फुलं, निरोप, काही चालणार नाही.

पाच वाजून एक मिनिटानं पत्र माझ्या दारात नसेल, तर शनिवारी सभेत मी ते पान पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचीन. तुझी नोंद, मग माझी. मग त्या सहा रिकाम्या ओळी, एकेक करून, जेवढा वेळ लिहायला लागला असता तेवढा वेळ थांबून. माइक तुझ्या हातातून मी घेईन. तू देशील, कारण दोनशे माणसं बघत असतील.

लेखी उत्तर दे.

ताई